चंद्रम्मानं जाळलेला नमदा

बीदरकडच्या हळ्ळीखेडात नमद्याचे गोल कापावेत ते चंद्रम्मानंच, असं गुंडेराव सुतार स्वतः म्हणायचा, आणि गुंडेराव सहसा कुणाला चांगलं म्हणत नसे. त्याच्या कारखान्यात सागवानी कलमदानं, दौतीचे ठोकळे, लाखेचा हात दिलेले नंदी आणि हत्ती तयार व्हायचे. असली वस्तू मेजावर सरकवली की लाकडाला ओरखडा उठतो, म्हणून प्रत्येक नगाच्या बुडाला नमदा चिकटवावा लागे. नमदा म्हणजे लोकर भिजवून, तुडवून, लाटून केलेली जाड चादर. ती विणलेली नसते, त्यामुळं कशीही कापली तरी धागे सुटत नाहीत. बाकीच्या बायका नग नमद्यावर ठेवून खडूनं रेघ ओढायच्या आणि रेघेच्या आत जवारीच्या दाण्याएवढं सोडून कापायच्या. चंद्रम्माला खडू लागत नसे. नग एकदा हातात घेऊन उलटा केला की तिच्या डावखुऱ्या हातातली कातर चालू लागायची आणि गोल नेमक्या मापानं बाहेर पडायचा.

नवऱ्यानं टाकल्यावर ती माहेरी आली होती. पुढं भाऊ बसलिंगप्पा पटकीनं गेला. घरात उरल्या ती आणि भावजय भागम्मा. एकीला मूल झालं नव्हतं, दुसरीचं जगलं नव्हतं. चंद्रम्मा तोंडानं फटकळ, कामाला करडी. भागम्मा दहा वर्षांनी लहान, हसरी, आणि कापण्यात अगदी ढिली. म्हणून कारखान्यातून नमद्याच्या गुंडाळ्या खांद्यावर टाकून आणायचं आणि कापलेले गोल खळीनं चिकटवायचं काम तिच्याकडं. दिवसातून चारदा त्यांचं वाजायचं. जेवायला मात्र एकीवाचून दुसरी बसत नसे.

नमदा पूर्वी गावातलाच असायचा. वेशीबाहेर मौलासाब पिंजारी आणि त्याची बायको मिळून तो करायचे. मेंढरं कातरली की ताजी लोकर आणायची, तीनदा धुवायची, मग पिंजायची. रझाकारांच्या दिवसांत गावानं पुष्कळ सोसलं होतं. त्यांच्या टोळ्या आल्या की बायका जवारीच्या रानात लपायच्या. मग अठ्ठेचाळीसच्या भादव्यात हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य संपलं, आणि पुढच्या पंधरवड्यात त्या सगळ्याचा राग ज्यांनी काही केलं नव्हतं अशा मुसलमानांवर निघाला. मौलासाब विहिरीत मेलेला सापडला. घर जळालं. बायको लेकरांना घेऊन हैदराबादेकडं गेली असं कुणी म्हणालं, कुणी तेही म्हणालं नाही. हे कुणी केलं ते गावाला ठाऊक होतं, आणि गाव गप्प बसलं. चंद्रम्माही गप्प बसली.

दोन-तीन वर्षं कारखाना अडखळत चालला. मग एक्कावन्न साली निवडणुकीच्या तयारीनं कचेऱ्या वाढल्या, नवे साहेब आले, नवी मेजं आली. गुंडेरावाला गुलबर्ग्याहून दोनशे कलमदानांचं काम मिळालं. दिवाळीच्या आत माल पोचवायचा होता. भीमेकडच्या कुण्या व्यापाऱ्याकडून त्यानं नमदा मागवला.

पहिली गुंडाळी उलगडली तेव्हाच चंद्रम्माला वास आला. लोकरीचा वास तिला नवा नव्हता. हा वेगळा होता, गोडसर, कुजका. नमदा हाताला चिकट लागत होता आणि मधे मधे केसांच्या मुळाशी वाळलेल्या कातडीचे खपले होते.

भागम्मानं एक खपला नखानं उचलून दाखवला. "अक्का, हे बघ. कातरलेली लोकर न्हाई ही. उपटलेली हाय."

"उपटलेली असू दे न्हाईतर कातरलेली. तुला काय मेंढरं राखायचीत?"

"वास येयलाय गं. मालकाला सांगू का?"

"सांग. मग तो काम उचलून चन्नव्वाच्या घरी देतो. तिच्या दोन पोरी कातर घेऊन बसल्यातच." चंद्रम्मानं कातर उचलली. "नाकाला पदर बांध आन् आण इकडं."

भागम्मानं पदर बांधला. पुढचे आठ दिवस ती गुंडाळ्या मानेशी टेकवून खांद्यावरनं आणत राहिली. एकशेवीस नग पुरे झाले आणि मोटारीनं गुलबर्ग्याला गेले.

नवव्या दिवशी तिच्या मानेवर, उजव्या बाजूला, एक पुळी दिसली. डास चावल्यासारखी.

"दुखतंय का?" चंद्रम्मानं विचारलं.

"दुखत न्हाई. नुसतं खाजायलंय."

दुखत नाही म्हणून दोघींनी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी पुळीभोवती पाण्याचे बारीक फोड आले. तिसऱ्या दिवशी मधोमध काळा डाग पडला, कोळशाचा खडा रुतून बसावा तसा. चंद्रम्मानं चुना आणि गूळ लावला. गावातल्या वैदूनं पाला वाटून बांधला. चौथ्या दिवशी सकाळी मान आणि गाल सुजून एक झाले होते. भागम्माला पाणी गिळवेना आणि अंग तव्यासारखं तापलं होतं. चंद्रम्मानं चन्नव्वाच्या दिराची बैलगाडी जुंपायला लावली, सडकेवर मोटार थांबवली आणि भावजयीला मांडीवर घेऊन बीदरचा सरकारी दवाखाना गाठला.

डॉक्टर हैदराबादचा होता, उर्दूत बोलायचा. जखम पाहिल्याबरोबर त्यानं जवळच्या नर्सबाईला हात न लावण्याची खूण केली आणि चंद्रम्माकडं वळला.

"जानवर का काम करते क्या? चमडे का?"

"नहीं साब. नमदा काटते."

"ऊन किधर का?"

लोकर कुठली, ते तिला सांगता येईना. मरी लागून मेलेल्या मेंढरांची लोकर असणार, असं तो म्हणाला. तिला नीट कळावं म्हणून त्यानं ते दोनदा सांगितलं. या दुखण्याला आपल्याकडं काळपुळी म्हणतात, आणि ते माणसाला असं जनावराकडून येतं. त्यानं पेनिसिलिनची सुई दिली, पुढं दर चार तासांनी देत राहिला. मानेच्या आत उतरलेली सूज मात्र हटेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी भागम्माला थोडी शुद्ध आली. आवाज घोगरा, तुटक.

"अक्का... त्या नमद्यानंच झालं का गं?"

चंद्रम्मा तिच्या पायाशी बसली होती. "न्हाई गं," ती म्हणाली. "किडा चावला असंल. डॉक्टर म्हणाला."

भागम्मानं मान हलवायचा प्रयत्न केला. तिला ते पटलं की नाही, कळलं नाही. दिवस मावळायच्या आत ती गेली.

गाडीतनं प्रेत हळ्ळीखेडला आणलं. जंगम अय्यांनी विभूती लावली, लिंगायतांच्या रीतीनं मळ्याच्या बांधाला बसवून माती दिली. भागम्माची आई पार्वतम्मा हुलसूरहून आली होती. म्हातारीनं चंद्रम्माचे दोन्ही हात धरले. "तू होतीस म्हणून माझ्या लेकीला शेवटी दवाखाना तरी दिसला," ती म्हणाली. चंद्रम्मानं हात सोडवून घेतले आणि चुलीपाशी जाऊन बसली.

तिसऱ्या दिवशी गुंडेराव दारात आला. दुःखाचे दोन शब्द बोलला. मग घरातल्या तीन गुंडाळ्यांकडं बघत म्हणाला, "ऐंशी नग ऱ्हायलेत. तुला आता जमायचं न्हाई. मी चन्नव्वाकडं देतो. दोन माणसं पाठवतो उचलायला."

"मालक, ही लोकर मेलेल्या मेंढराची हाय. डॉक्टरनं सांगितलं."

गुंडेरावानं मागं वळून गल्लीत बघितलं. "कुणाला सांगितलंस?"

"अजून न्हाई."

"नको सांगूस. गेलेलं माणूस काय परत येतंय? मलाबी व्यापाऱ्यानं फसवलंच की. एवढा माल जाऊ दे, पुढं बघू."

"गेलेले एकशेवीस परत मागवा."

"येड लागलं का तुला?" तो म्हणाला आणि चपला घालून निघून गेला.

चंद्रम्मानं तुराट्यांचा भारा उचलून दारापुढं टाकला. एक एक गुंडाळी ओढत बाहेर आणली, घासलेट ओतलं आणि काडी लावली. भर दुपार होती. लोकर सरळ पेटत नाही. ती वितळल्यासारखी आक्रसते, धुमसते, आणि जळक्या केसांचा घाण वास सुटतो. चंद्रम्मा काठीनं गुंडाळ्या उलगडत होती आणि वर तुराट्या टाकत होती. गल्ली गोळा झाली. चन्नव्वा पोरींना घेऊन आली. गुंडेराव धावत आला आणि पोलीस पाटलाला बोलावतो म्हणाला.

"कामून जाळायलीस?" चन्नव्वानं विचारलं. "सांग तरी."

चंद्रम्मानं काठी खाली ठेवली नाही. "ह्यानं भागम्मा मेली. उद्या तुझ्या पोरींच्या मांडीवर हेच येणार होतं." मग ती पार्वतम्माकडं वळली. म्हातारी उंबऱ्यात उभी होती. "तुमची लेक पहिल्याच दिवशी म्हणाली होती, वास येतोय म्हणून. मलाबी आला होता. काम जाईल म्हणून मीच तिला गप्प बसवलं. तुम्ही माझे हात धरले, ते धरायचे नव्हते."

पार्वतम्मा आत गेली, आपलं गाठोडं घेतलं आणि जाळाला वळसा घालून वेशीकडं चालू लागली. मोटार संध्याकाळी होती. म्हातारी तोवर उन्हात सडकेवर बसून राहिली. पुन्हा ती हळ्ळीखेडला आली नाही.

पाटील आला, राख पाहून गेला. गुंडेरावानं काम थांबवलं नाही, उरलेल्या नगांना बनातीचे, म्हणजे जाड लोकरी कापडाचे, तुकडे लावून माल पाठवला. आधीच्या एकशेवीस कलमदानांचं पुढं काय झालं, ते कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

जाळानंतर पाचव्या दिवशी चंद्रम्माच्या डाव्या मनगटावर पुळी आली. तिनं ती ओळखली. पदराखाली झाकली आणि घरात बसून राहिली. भाकरी करायची, अर्धी खायची, दार लावून घ्यायचं. पुळीभोवती फोड आले, मधे काळं पडलं. दुखत नव्हतं. भागम्माला जे झालं ते आपल्यालाही होऊ दे, असं तिनं मनाशी धरलं होतं, आणि त्यात तिला एक प्रकारचा निवांतपणा वाटत होता.

तिसऱ्या दिवशी चन्नव्वा ताक घेऊन आली. चंद्रम्मानं नेहमीसारखा डाव्या हातानं तांब्या घेतला नाही, तेवढ्यावरून तिला संशय आला. तिनं पदर ओढला.

"गाडी जुंपते," चन्नव्वा म्हणाली.

"मला जायचं न्हाई."

"तुझ्या मनात काय हाय ते मला कळायलंय. पण ते भागम्माच्या काय कामाचं?" चन्नव्वानं तिला दंडाला धरून उठवलं. "चल. माझ्या पोरी तुझ्यामुळं वाचल्या म्हणून मी आलेय. तुझ्यासाठी आले न्हाई असंच समज."

डॉक्टर तोच होता. या खेपेला सुया वेळेवर पडल्या. आठ दिवसांनी काळी खपली गळून गेली आणि मनगटावर बोट बसेल एवढा खळगा राहिला. डाव्या हाताच्या बोटांतला जोर गेला. कातर धरता येईना.

त्यानंतर चंद्रम्मा लोकांच्या घरी तुरी भरडायला जाऊ लागली. उजव्या हातानं जातं ओढायची, डावा मांडीवर ठेवायची. गुंडेरावाचा कारखाना चौपन्न साली बंद पडला. छप्पन्नला बीदर म्हैसूर राज्यात गेलं तेव्हा ती पन्नाशीला टेकली होती. दर वर्षी भागम्माच्या तिथीला ती बांधावर जाऊन नारळ फोडायची आणि खोबरं चन्नव्वाच्या घरी द्यायची. चन्नव्वा ते घ्यायची, पण बसून बोलणं दोघींना कधी जमलं नाही.