बिनलोखंडाचा फ्लास्क

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी माझं डोकं सकाळपासूनच तापलेलं होतं. वाकोल्याच्या बहिणीला मी शब्द देऊन बसलो होतो, "संध्याकाळी येऊन काय ते सांगतो." तिच्या नऊ वर्षांच्या मुलीला थॅलेसेमिया. दर महिन्याला रक्त चढवायचं, त्यातलं लोह तिच्या यकृतात, हृदयात साठायचं, आणि ते काढायला रोज पोटात सुई टोचून तासन्‌तास ठेवायची. तोंडाने घ्यायचं औषध तेव्हा नव्हतं. अंधेरीच्या आमच्या प्रयोगशाळेत मी असा रेणू घडवत होतो, जो खेकड्यासारखा लोहाला पकडेल आणि जस्त, कॅल्शियमला हातही लावणार नाही.

हा अकरावा रेणू. लोहाच्या पाण्यात पडताच लालभडक. वर शंभरपट जस्त ओतलं तरी लाली हटेना. मी मनातल्या मनात नाचलो. उरला होता शेवटचा फ्लास्क, त्यात नुसतं पाणी आणि रेणू. लोहच नाही, तेव्हा तो बिनरंगीच राहायला हवा होता.

पाच मिनिटांत तो गुलाबी झाला. मग लाल. म्हणजे रेणू स्वतःच सडून रंग धरत होता आणि आधीची सगळी लाली फुकट. आता बहिणीला काय तोंड दाखवू?

वड्याचं तेल वांग्यावर निघालं. काचसामान धुणाऱ्या मावशींवर मी ओरडलो, "हे फ्लास्क नीट धुता तरी का हो?"

उद्याच्या उपकरणपूजेच्या तयारीत असलेल्या त्या चिडल्याच. "फाल्या पूजा आसा मां! चकचकीत दिसूक व्हये म्हणान तारेन घासलंय!"

तार! लोखंडाच्या तारेचा चुरा तळाशी राहिला असणार. मला तो दिसला नाही, रेणूला सापडला.

तोच फ्लास्क आम्लाने तीनदा विसळला, पुन्हा पाणी, पुन्हा रेणू. तासभर मी स्टुलावरून हललो नाही. मावशीही कमरेवर हात ठेवून उभ्या. पाणी पाण्यासारखंच राहिलं. त्यांची माफी मागायचं मात्र मला सुचलं नाही, त्याची आजही लाज वाटते.

"जमलं गं!" संध्याकाळी वाकोल्याला मी दारातूनच सांगितलं. बहीण रडायलाच लागली. "मग कधी मिळणार रे?"

"आता उंदरांवर, मग माणसांवर... वर्षं लागतील."

भाची मध्येच म्हणाली, "म्हणजे मामा, आज सुई नाही ना?"

"आज आहे गं."

सुयांचा डबा उघडून तिने कापसाचा बोळा माझ्या हातात दिला.