पारंपरिक कोन्या गावचा?

कॅसेटवाली मावशी स्वतःचं नाव घेताना डोक्यावर पदर घ्यायची. एरवी तो पदर कमरेला खोचलेला. भाजीच्या दुकानावर असो, कपाशीत असो, नाहीतर आमच्या मोर्च्यात पुढे असो. पण गाण्याचं शेवटचं कडवं आलं की ती क्षणभर थांबायची, पदर सोडवून डोक्यावर ओढायची आणि मगच म्हणायची, "वच्छी म्हने मोताळ्याची..." आमच्या शेतमजूर संघटनेतल्या बाया हसायच्या. "नवऱ्याचं नाव घेतल्यावानी काऊन लाजतं वं मावशी?" मावशीचं उत्तर ठरलेलं : "त्याचं नाव सातबाऱ्यावर हाये, दारावर हाये. माहं इथंच हाये."

गाणं रचणाऱ्यानं शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. मावशीला ती तिच्या आईकडून मिळाली. नाव पहिल्या कडव्यात घेतलं तर तो गर्व, आणि घेतलंच नाही तर गाणं बेवारशी, असं ती मानायची. बेवारशी हा शब्द तिचाच. मी पत्रकं लिहिणारी बाई आहे, मला एवढे नेमके शब्द सुचत नाहीत.

ती कागदावर काही लिहायची नाही. कापूस वेचताना प्रत्येकीच्या वाट्याला ओळी येतात, त्याला आम्ही पात म्हणतो. मावशी पात धरून जाताना एक कडवं रचायची आणि परतताना ते पक्कं करायची. चार पाती झाल्या की गाणं झालं. तिचं सगळ्यात गाजलेलं गाणं असंच आलेलं :

बोंड फुटलं बाई, बोट फाटलं,
ओटीतलं पांढरं लालम लाल झालं.

आणि शेवटी, पदर डोक्यावर घेऊन :

वच्छी म्हने मोताळ्याची, ओळ नाही उसनी,
हाताले जे टोचलं माह्या, तेच गाते रानी.

तुम्ही यातल्या पहिल्या दोन ओळी ऐकल्या आहेत. लग्नात, गणपतीत, डीजेवर, मोबाइलवर. शेवटच्या दोन ओळी तुम्ही ऐकलेल्या नाहीत. हे लिहायला बसले ते त्याचसाठी.

मी पाळण्यात असेन तेव्हा एका कंपनीचा माणूस गावात आला आणि मावशीला शहरात घेऊन गेला. कंपनीचं नाव लिहीत नाही, वकिलांनी बजावलं आहे. एका दिवसात आठ गाणी झाली. मावशीनं प्रत्येक गाणं पूर्ण म्हटलं, काचेच्या खोलीत एकटी उभी राहून, आठही वेळा पदर डोक्यावर घेऊन. दोन महिन्यांनी कॅसेट आली. शेजाऱ्यांच्या टेपवर अख्खी गल्ली जमली. पहिलं गाणं शेवटच्या कडव्यापाशी आलं आणि ढोलकी हळूहळू विरून गेली. दुसरं गाणं सुरू. मावशीला वाटलं, फीत अडकली. तिनं कॅसेट बाहेर काढली, पेन्सिल घालून फीत मागे फिरवली, पुन्हा लावली. पुन्हा तेच. आठही गाण्यांचं ती हेच करत बसली. "यातच कुठीतरी गुंडायलं असंन," असं ती म्हणत राहिली, कारण एवढ्या लांब जाऊन म्हटलेलं कडवं कुणी कापून फेकेल, हे तिच्या डोक्यातच येत नव्हतं. आठ गाणी कॅसेटमध्ये मावत नव्हती, म्हणून कंपनीनं प्रत्येकाचा शेवट उडवला होता. उडवायला त्यांना नेमकं तेवढंच सापडलं.

वेष्टनावर कुणा भलत्याच तरुणीचा फोटो. खाली छापलेलं : गीत - पारंपरिक. मावशी चौथी शिकलेली. तिनं ते अक्षर अक्षर लावून वाचलं आणि कंपनीच्या माणसाला फोन करून विचारलं, "हा पारंपरिक कोन व्हय? कोन्या गावचा? माहे आठही गाने यानं कवा रचले?"

तो माणूस फोनवर हसला. गावही हसलं. पुढं ही बाजारातली करमणूकच झाली, लोक येता-जाता विचारायचे, "मावशे, सापडला का तुहा पारंपरिक?" मावशी वांगी तोलत म्हणायची, "सापडंन. मोठ्या घरचा दिसते, सगळ्याइच्या गान्यावर त्याचंच नाव हाये." मला यात कधीच हसू आलं नाही. चौथी शिकलेल्या बाईनं विचारलेला तो प्रश्न भल्याभल्या विद्वानांना पडलेला नाही. बाईनं रचलेलं, मजुरानं रचलेलं सगळं पारंपरिक. बाकीच्यांच्या गाण्यांना तेवढे बाप असतात.

गेल्या दिवाळीनंतर मावशीचा आवाज बसला. खडीसाखर झाली, हळद-दूध झालं. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी पुढं पाठवलं आणि पुढच्यांनी सांगितलं : आवाजाची पेटी काढावी लागेल, महिन्याच्या आत. मावशीनं एकच विचारलं, "महिना म्हंजे किती वेचन्या?" मग मला म्हणाली, "पोरी, मले आठही गाने एकडाव पुरे म्हनू दे. नावासकट. मंग काढा काय काढाचं ते."

घरं लहान, रस्त्यावर ट्रॅक्टर, पत्र्यांचा आवाज. मला युक्ती सुचली. शेजारच्या घरात एक खोली छतापर्यंत कापसानं भरलेली होती. कापसात आवाज घुमत नाही, बाहेरचा आत येत नाही. फुकटचा स्टुडिओ! मीच मावशीला त्या ढिगात बसवलं, दार लावलं, फोन समोर धरला. बोंडाचं गाणं तिनं घोगऱ्या आवाजात पूर्ण म्हटलं, पदरासकट. दुसऱ्या गाण्याला खोकला आला. तिसऱ्याला तो थांबेना. कापसाची तूस हवेत भरली होती, आजारी घसा ती ओढत होता, आणि एवढी साधी गोष्ट मला, पंधरा वर्षं कापसात वावरलेल्या पोरीला, कळली नव्हती. मी दार उघडलं. ती म्हणाली, "लाव वं, अजून सात राह्यले." पुन्हा लावलं. प्रत्येक वेळी ती शेवटच्या कडव्यापर्यंत पोचायची, पदर घ्यायची आणि तोंडातून नुसती हवा यायची. चार दिवस आम्ही हे केलं. एकच गाणं हाती लागलं.

ते मी इंटरनेटवर टाकलं. दुसऱ्या दिवशी काढून टाकलं गेलं. कारण : हे गीत अमुक कंपनीच्या मालकीचं आहे. म्हणजे वेष्टनावर "पारंपरिक" आणि भांडणात "आमचं". मी तक्रार केली, तर उत्तर आलं, मूळ हक्काचा पुरावा द्या. मावशीला वाचून दाखवलं. तिचा आवाज तेव्हा कुजबुजीएवढा उरला होता. "पुरावा? ते कडवंच तं पुरावा होता ना वं."

वकील म्हणाले, जुनं काही छापलेलं आणा, तिच्या नावानिशी. मी आनंदानं उडालेच. तीन वर्षांपूर्वी मजुरीच्या लढ्याच्या पत्रकात हे गाणं आम्ही छापलं होतं, मीच लिहिलेलं पत्रक! कपाटातला गठ्ठा मावशीच्या ओसरीवर आणून सोडला. गाणं होतं. शेवटचं कडवं नव्हतं. पान संपत होतं, मागण्या दहा होत्या, म्हणून मी ते गाळलं होतं. खाली माझ्याच हातचं लिहिलेलं होतं : एक लोकगीत.

मावशीनं ते बोट फिरवत वाचलं. चिडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे बघून पुटपुटली, "तू बी त्याच्याच गावची निंघाली, पोरी." तिनं माझ्याशी बोललेलं हे शेवटचं वाक्य. दोन दिवसांनी ऑपरेशन झालं.

आता ती पुन्हा मोताळ्याच्या बाजारात बसते. गळ्याला पांढरं फडकं, पुढे वांगी, मेथीच्या आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या. भाव बोटांनी सांगते. मी तिच्याजवळ जाऊन बसते, ती मला हाकलत नाही, एवढंच. गेल्या बाजारी समोरच्या मोबाइलच्या दुकानानं स्पीकरवर तिचंच गाणं लावलं. कॅसेटवरचं, तरुण आवाजातलं. भाजी घेणाऱ्या एक मॅडम, बहुतेक शाळेत शिकवणाऱ्या, मान डोलवत म्हणाल्या, "किती गोड आहे ना हे?"

मी म्हटलं, "यांचं आहे. यांनीच रचलंय, आवाजही यांचाच."

मॅडमनी मावशीकडे पाहिलं, गळ्याच्या फडक्याकडे पाहिलं, आणि मला समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "नाही हो, हे पारंपरिक आहे."

तेवढ्यात ढोलकी विरत गेली आणि दुसरं गाणं धडाडून सुरू झालं. मावशीनं तराजू खाली ठेवला. कमरेचा पदर सोडवला आणि डोक्यावर ओढून घेतला.

"ऊन लागतंय का हो मावशी?" असं म्हणत मॅडमनी मेथीची जुडी पिशवीत टाकली.

मावशीचे ओठ हलत होते. कडवं पुरं होईपर्यंत तिनं पदर खाली घेतला नाही.