तेरणेची ओहोटी

दिवाळी सरली, थंडी पडली, की बलभीम पहाटेच नदीला जायचा आणि बायकोला, मथुराबाईला, संगं न्यायचा. वाट अर्ध्या कोसाची. शेकाट्या, तुतवार, शराटी असं एकेका पाखराकडं बोट दाखवत तो चालायचा. घरात चार शब्द न बोलणारा माणूस नदीकाठी बोलायचा थांबायचा नाही. लहानपणी याच काठानं त्यानं गुरं राखली होती. आता तो नदीचं पाणी उसाला ओढणाऱ्या उपसा सोसायटीच्या इंजिनावर कामाला होता.

दिवसभर इंजिन चाललं, की डोह उतरायचा. रात्रीतून झऱ्यांनी पुन्हा चढायचा. समुद्राला भरती-ओहोटी असते, असं शाळेच्या गुरुजींनी एकदा सांगितलं, तेव्हा बलभीम ऐटीत म्हणाला होता, "आमच्या तेरणेला बी हाय. माझ्या हातात." उघड्या पडलेल्या गाळात किडे टिपायला पाखरांची झुंबड उडायची, याचंही त्याला कौतुक.

त्या साली पाऊस झालाच नाही. नदीत तेवढा एक डोह उरला. डोहातल्या खडकावर चकव्याची, म्हणजे चक्रवाक बदकांची, जोडी होती. त्यातल्या मादीचा पंख मोडलेला. बलभीम दोनदा तिला धरायला उतरला. दोन्ही वेळा मांडीपर्यंत गाळात रुतला आणि ती पाण्यात फडफडत लांब गेली. रात्री चढणारं पाणी रोज वीतभर कमी भरत होतं. काठावर मोकाट कुत्री पाणी हटायची वाट बघत बसून असायची.

दोन दिवस इंजिन बंद ठेवावं, पाणी साठू द्यावं, असं तो चेअरमन हिंमतरावांना विनवायला गेला. ऊस वाळत होता. हिंमतराव पान लावत म्हणाले, "बलभीमा, त्या चकव्याचा शेअर हाय का आपल्या सोसायटीत?" बसलेले सगळे हसले. बलभीमही हसला, हे त्यानं घरी येऊन मथुराबाईला दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो एकाही पाखराकडं बोट न दाखवता चालला. इंजिनाला हँडल लावून नुसता उभा राहिला.

"लावा की," मथुराबाई म्हणाली. "तुमी न्हाय लावलं तर ईरण्णा लावंल. चेअरमनच्या मळ्यात बसलाच हाय तो, जागा कवा मोकळी हुती म्हणून."

"म्हाईत हाय. तू घरी जा. तुझ्यासमोर हात चालंना."

आज राहू द्या, हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. पण घरात दोन लेकी होत्या, आणि पगाराशिवाय दुसरं काही नव्हतं. तिनं भाकरीचं गठुडं खाली ठेवलं, पदर खोचला आणि त्याच्या हातांशेजारी हँडल धरलं. चौथ्या फेऱ्याला इंजिन धडधडलं.

एरवी इंजिन लागलं, की तो काठानं फिरायचा. आज नदीकडं पाठ करून बसला. ती घरी गेली नाही. सूर्य डोक्यावर आला तसा खडकाभोवतीचा गाळ उघडा पडला. तुतवार धावत आले. नर चकवा उडाला, घिरटी घालून परत मादीपाशी उतरला.

"किती ऱ्हायलंय पाणी?" मान न वळवता त्यानं विचारलं.

पहिल्या कुत्र्यानं गाळात पाय टाकला होता. ते हलकं होतं, रुतत नव्हतं.

"हाय अजून," मथुराबाई म्हणाली. "लई हाय."

त्यानं मान हलवली आणि इंजिनात डिझेल ओतायला उठला.