राखणदाराचा माड

“वकीलसाहेब, तिला नोटीस धाडा. अशी धाडा, की धावत आली पाहिजे!”

भाट्ये गावच्या शालूमावशी माझ्या ऑफिसात उजवा हात प्लास्टरमध्ये घेऊन बसल्या होत्या. डाव्या हाताने त्यांनी टेबलावर पुरावा आपटला. आख्खा नारळ! माझ्या फायली उडाल्या आणि शेजारच्या ऑफिसातला अशील घाबरून तडजोडीला तयार झाला.

मावशींच्या शेजारच्या घरात इंदूताई राहतात. दोघी एकेकट्या, जन्माच्या मैत्रिणी. इंदूताईंचा माड मावशींच्या अंगणावर वाकलेला. एवढा उंच, की शेंड्यावरून आफ्रिका दिसावी. तिथून नारळ सुटला आणि मावशींचं मनगट मोडलं.

“कायद्यात याला टॉर्ट म्हणतात,” मी म्हटलं. “आपल्या वस्तूमुळे शेजाऱ्याला इजा होऊ नये, एवढी काळजी घ्यायची. ती घेतली नाही नि इजा झाली, तर भरपाई. त्याला लेखी करार लागत नाही. नारळ उतरवून घ्या म्हणून तुम्ही त्यांना आधी सांगितलं होतं?”

“शंभरदा! पण तो माड तिने राखणदाराच्या, वाडी राखणाऱ्या देवाच्या नावाने सोडलेला. नारळ उतरवायला कुणाला चढू देत नाय.” मग आवाज खाली आला. “हात मोडला ता मोडला. बघायलापण आली नाय हो ती.”

खरी केस मला तेव्हा कळली.

नोटिशीआधी बोलून बघावं म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी इंदूताईंकडे गेलो.

“नारळ राखणदाराचा. माझा काय संबंध?”

“मग समन्स त्यालाच काढतो. पूर्ण पत्ता सांगा.”

त्या हसल्या नाहीत.

“वादळात पडला असता, तर देवाची करणी म्हणून भांडता आलं असतं,” मी म्हटलं. “वारा नव्हता. नारळ सुकलेला. तुम्हाला सांगून ठेवलेलं. जबाबदारी तुमची.”

“ता मला ठाऊक नाय होय?” त्यांनी पदर डोळ्यांना लावला. “मुंबईहून पोरगा फोनवर बोललान, बघायला जाऊ नको, गुन्हा कबूल केल्यासारखा होईल. रोज तिच्यासाठी पेज करते नि मधल्या गडग्यापासून मागे फिरते.”

एरवी माझ्या आवाजाने कोर्टाची कौलं हलतात. तेव्हा मात्र मी हळूच म्हटलं.

“भरपाई म्हणजे चूक झाली नसती तर माणूस जसा असता, तसं त्याला होता होईल तेवढं करून देणं. मावशींना एका हाताने काय जमत नाही?”

“वेणी,” इंदूताई लगेच म्हणाल्या.

पेजेचं पातेलं आणि फणी घेऊन त्या दगडी कुंपणाचा गडगा ओलांडून गेल्या, मी मागोमाग.

“आलीस? वकील आणायला गेला तेव्हा?” मावशी म्हणाल्या.

“गप बस. मान सरळ ठेव.”

इंदूताईंनी मावशींचे केस विंचरायला घेतले. फणीचा तेवढा आवाज येत होता.

मग इंदूताईंनी राखणदाराची परवानगी मागणारं गाऱ्हाणं घालून माडाचे सगळे नारळ उतरवून घेतले. मावशींनी घरी नेलेला पुरावा मी परत मागितला, तर तो खवून सोलकढीत गेला होता. दोन वाट्या प्यायलो.

माड देवाला दिला तरी शेजारीण आपलीच राहते, हे टॉर्टचं सार. आणि पुरावा अशिलाच्या स्वयंपाकघरात ठेवू नये.