मी चुकले की खूश होणारी

आमच्या शेजारची पोर दवाखान्यासाठी पेशंटना शिकवणारे मोबाईलवरचे धडे तयार करते. मी चुकले की ती खूश होते. असलं माणूस मी इस्लामपुरात दुसरं पाहिलं नाही.

मला इन्सुलिन सुरू झालं तेव्हा पोरगा म्हणाला, "आई, सुई तुझी तुला टोचता येत नसंल तर पुण्याला चल." मला घर सोडायचं नव्हतं. मग हिने आपला धडा माझ्यापुढे धरला आणि हातात एक वांगं आणि पाणी भरलेली सुई दिली.

धडा बघून मी म्हटलं, "कळलं."

"कळलं नको आजी, करून दाखवा."

मी वांग्याला टोचलं आणि सुई लगेच उपसली. पाणी बाहेर ओघळलं. तिने टाळी वाजवली. "झ्याक! माझा धडाच चुकलाय."

मला राग आला. तिने मात्र धड्यातलं डॉक्टरांचं लांबलचक भाषण कापलं आणि सुई आत असतानाच 'आता थांबा' असं घातलं.

"डॉक्टर चिडतील की गं."

"चिडू देत. सुई त्यांना न्हाई टोचायची."

धडा बदलत गेला, वांगी संपत गेली. शेवटी एका सकाळी तिच्या घरी मी खरं औषध स्वतःच्या पोटात टोचलं, थांबले आणि मग सुई काढली. एक थेंब सांडला नाही. तिथूनच पोराला फोन लावला, "तुझं पुणं तुलाच ठेव."

ती जरा विचारात पडली. "आजी, आता तुमी कामाच्या न्हाई. पुढच्या धड्याला मला काहीच येत नसलेली बाई पायजे."

माझी शाळा चौथीत सुटली. शिकलेली म्हणून मला आजवर कुणी हाकललं नव्हतं. मी ताठ मानेनं घरी आले.