गोदीच्या घराची वेठ

पोशेऱ्याच्या गोदीला कुणी भांडखोर म्हटलं असतं, तर तिच्या कोंबड्यांनाही हसू आलं असतं. बोलणं थोडं, मान सदा कामात. लढाईशी तिचं काय घेणं? पण गोऱ्यांची मोठी लढाई लांबत चालली होती, आणि तिकडं ओझी वाहायला माणसं कमी पडत होती.

एक दिवस पाटील दारात येऊन गोदीच्या नवऱ्याला म्हणाला, "मंगळ्या, वेठ आलीय. चल."

वेठ काही नवलाची नव्हती. रस्ता करा, साहेबाचा तंबू वाहा, लाकडं तोडा. मोबदला नाही, पण सांजेला माणूस घरी. मंगळ्या खांद्यावर कांबळं टाकून गेला, तो आलाच नाही. मग कळलं, गावचे गडी पोलीस ठाण्यातल्या गवताच्या कोठारात कोंडलेत आणि त्यांना बसऱ्याला नेणार आहेत.

"बसरा कुठं आला? वाड्याच्या बाजाराच्या पलीकडं?" गोदीनं विचारलं.

"दर्याच्या पलीकडं," शेजारची येसू म्हातारी म्हणाली. तिचा लेक बाबल्याही त्यांच्यातच होता. "तिथं माणसं मारत्यात एकमेकांना."

"कशापायी?"

"त्यांनाबी ठावं नसंल."

गोदी चुलीपुढं बसून राहिली. विचार करता करता तिच्या ध्यानात आलं, वेठ घरावर असते, माणसावर नसते. नवरा तापानं पडला की बायको जाते, हे साऱ्या डोंगराला ठाऊक. कोंडलेल्यांच्या घरच्या बायका गोळा करून ती ठाण्यावर गेली आणि सगळ्या जणी अंगणात बसल्या.

"काय गं, काय पाहिजे?" फौजदारानं विचारलं.

"घरची वेठ भरायला आलोय, रावसाहेब. आम्हाला न्या, गडी सोडा."

शिपाई पोट धरधरून हसले. "लढाईवर जाऊन करशील काय?"

"ओझीच उचलायची ना? रावसाहेबांच्या बाईसाहेबांची लुगड्यांची पेटी घाटातून मीच वर आणली."

फौजदार मात्र हसला नाही. त्यानं अंगणात घागरी ओतायला लावल्या, चिखलात कोण बसतंय म्हणून. भातलावणीच्या बायका त्या! येसू म्हणाली, "बरं झालं बाबा, ऊन लई होतं."

मग लाठ्या आल्या. पाठीवर बसल्या, दंडावर बसल्या. कुणी हात उगारला नाही आणि कुणी उठलीही नाही. गोदीचं बोट मोडलं. ते पदरात गुंडाळून ती पुन्हा म्हणाली, "घरची वेठ हाय. आम्ही भरतो."

गलका ऐकून माणसं न्यायला आलेला पलटणीचा गोरा साहेब ओसरीवर आला. बायकांना का मारता, असं त्यानं मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत विचारलं. फौजदाराला घाम फुटला. पलटणीत यायचं ते राजीखुशीनं, असा वरचा हुकूम होता. साहेबाला ऐकू जावं म्हणून तो गरजला, "वेठ कसली? ही खुशीची नोकरी आहे! इथं कुणावर जबरी नाही!"

कोठाराच्या फटीतून मंगळ्याचा आवाज आला, "मग रावसाहेब, आम्ही नाय खूश."

"मी बी नाय," आणखी एक म्हणाला. मग आत नुसता कालवा झाला. साहेबानं दार उघडायला लावलं. गडी भराभर बाहेर आले. बाबल्या तेवढा आतच राहिला. त्याला आगबोट बघायची होती.

"मुडद्या, तुझ्यासाठी मार खाल्ला मी!" येसू ओरडली.

"तुला कुणी सांगितलं खायला?" बाबल्या म्हणाला. तो गेला तो गेलाच.

साहेबाची पाठ फिरताच फौजदारानं गोदीला अडकवलं. गुन्हा कुठला लावावा ते सुचेना, म्हणून तिला घोड्यांचे हरभरे भरडायला जात्याशी बसवलं, मोडक्या बोटासकट. होळी होऊन गेल्यावर सोडलं. ते बोट पुढं कधी सरळ झालं नाही.

मंगळ्या ठाण्याबाहेर उभा होता. रोज यायचा म्हणे. तिचा हात बघून त्याचे डोळे भरले.

"रडतोस काय? भाताच्या रोपांची जागा पाला जाळून भाजलीस का?"

"नाय."

"मग काय केलंस इतके दिस?"

"इथं उभा राहिलो."

गोदीनं त्याच्याकडं एकदा नीट बघितलं. "चल," ती म्हणाली, "पालापाचोळा गोळा करायचाय."