फुईच्या गाण्यांना जागा

तापीकाठच्या प्रकाशा गावातल्या भूमिकाला लग्नाची बोलावणी दोन कामांसाठी येत. एक जेवायला, दुसरं माइक घेऊन. काठाकाठच्या गावांतल्या बायका हळदीला, तेलाला जी गाणी म्हणत, ती भूमिका लॅपटॉपवर उतरवून घेई. कुणी सांगितलं नव्हतं. गाणाऱ्या बायका एकेक करून जात होत्या, एवढंच तिला दिसत होतं.

त्यातल्या सगळ्यांत मोठ्या गाणाऱ्या म्हणजे तिच्या नवऱ्याची आत्या, नर्मदाबाई. सगळे त्यांना फुई म्हणत. फुई सुरतेहून तापीच्या स्नानाला आल्या होत्या नि आज दुपारच्या बसने परत निघणार होत्या. आणि लॅपटॉप गच्च भरलेला! एक ओळसुद्धा मावेना.

"जुनं थोडं पुसून टाक ना," तिचा नवरा योगेंद्र केळीच्या कटाईला निघता निघता म्हणाला.

"कोणाचं पुसू? तुमच्या आईंचं?"

त्याने गाडीला किक मारली.

मोठी हार्ड डिस्क तिने नंदुरबारहून आणून ठेवलीच होती. सकाळी देवपूजा आटोपली, केबल लावली. जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवायचं. यातली जुनी कुठली, नवी कुठली? उलटं झालं असतं तर कोरी डिस्क गाण्यांवर चढली असती नि सगळं गेलं असतं. तिने नाव वाचलं, पुन्हा वाचलं, केदारेश्वराला हात जोडले नि बटण दाबलं.

"काय करी ऱ्हायनी व माय?" फुईंनी ओट्यावरून विचारलं.

"घर बदलतेय, फुई. तुमच्या गाण्यांचं."

काम पुरं झालं. तिने लॅपटॉप बंद करून पालथा घातला. बारीक स्क्रू हरवू नयेत म्हणून कुंकवाच्या रिकाम्या वाटीत ठेवले. जुनी डिस्क काढली, नवी बसवली. चालू केला. पडदा काळा... काळाच... आणि उजळला! तिने घाईने एक गाणं लावलं. गेलेल्या सासूबाईंचा आवाज घरभर झाला. फुईंनी डोळ्यांना पदर लावला.

भूमिकाने रिकामी जागा बघितली, तर ती दाखवणारी पडद्यावरची पट्टी लालच. पहिल्याइतकीच भरलेली!

"असं कसं? डिस्क एवढी मोठी..."

"मन्ही बस येवाले व्हयनी," फुई पिशवी उचलत म्हणाल्या.

"थांबा ना, फुई!"

तिने डिस्कचा सगळा नकाशा उघडला. गाण्यांच्या शेजारी लांबलचक पट्टा पडून होता. ना नाव, ना अक्षर. माहेरी, ब्राह्मणपुरीला, तिच्या वडिलांनी शेजारचं वावर घेतलं, तेव्हाही मधला बांध काही दिवस तसाच होता. जमीन आपली, पण नांगर अलीकडेच वळायचा. इथेही तेच! तिने पट्टा जोडून घेतला. लाल पट्टी झरकन निळी झाली, पुढे नुसती मोकळी जागा.

"झालं! फुई, झालं!" ती उभी राहून टाळ्याच वाजवू लागली.

"मन्ह्या बठ्ठ्या गाणासले जागा शे?"

"सगळ्यांना. आणखी आठवतील त्यांनाही."

फुईंनी पिशवी खाली ठेवली. "मंग जाऊ दे ती बस." डोक्यावरचा पदर सारखा करून त्यांनी आधी गणपतीचं गाणं धरलं. आवाज कापरा, पण ठेका पक्का. भूमिका गालाला हात लावून ऐकतच राहिली.

गाणं सरलं. फुईंनी लॅपटॉपकडे बोट केलं. "लिधं का व?"

भूमिकाने पडद्याकडे पाहिलं नि जीभ चावली. आनंदाच्या भरात रेकॉर्डचं बटण दाबायचंच राहिलं होतं.

"धन्य शे तू!" हसून हसून फुईंचे डोळे ओले झाले. "चाल, पाणी दे. आते उद्यानी बसबी गयीच समज."